आर्किटेक्चरचा थिसिस गोष्टीतून मांडता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासावर थिसिस (शेवटच्या वर्षाचा डिझाइन प्रकल्प) आहे, रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली इमारतीची चकचकीत चित्रं) आणि वॉकथ्रूचा (इमारतीतून फिरवून आणणारा व्हिडिओ) कंटाळा आलाय, तर ड्रॉइंगऐवजी एखादी कथा ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे, ठेवली तर चालेल का?

ऐवजी नाही चालणार. सोबत मात्र जरूर ठेवा.

मी अधूनमधून ज्युरीला बसतो. तिथे गोष्टीच्या नावाखाली बहुतेकदा 'सकाळची कोवळी किरणं अंगणात उतरली' छापाचं काहीतरी ऐकायला मिळतं. ते शब्दांतलं रेंडरच. त्यात कुणाला पाणी भरायचं नसतं, कुणाचं कुणाशी वाजत नाही. गोष्टीतल्या माणसाला काहीतरी काम हवं आणि त्या कामात तुमची इमारत आडवी यायला हवी.

तुमचाच विषय घ्या. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची, मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सामाईक. नवं घर ५०० चौरस फुटांचं. आकड्यांत बघितलं तर वाद घालायला जागाच नाही. आता लिहा: २३व्या मजल्यावर रात्री आजोबा गेले. गावाहून मंडळी निघालीत, सकाळपर्यंत पोचतील. चाळीत असतं तर पॅसेजमध्ये सतरंज्या पडल्या असत्या, शेजारच्या चार खोल्यांत चहा झाला असता. इथे लिफ्टसमोर सहा माणसं उभी राहिली की सातव्याने जिन्यात थांबायचं. आणि तिरडी? ती लिफ्टमध्ये आडवी मावते का? कथा इथेच थांबवा आणि तुमच्या लिफ्टची आतली मापं काढून बघा. मावत नसेल तर स्ट्रेचर लिफ्ट द्या, लॉबी रुंद करा, किंवा दर काही मजल्यांवर एक मोकळा पॅसेज सोडा. एवढी अडचण कुठलाही रेंडर तुम्हाला दाखवणार नाही.

उलट्या बाजूनेही गोष्ट वापरता येते. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सुपरस्टुडिओ या आर्किटेक्टांच्या गटाने १९७१मध्ये बारा 'आदर्श' शहरांची वर्णनं लिहिली. पहिल्या शहरात प्रत्येकाला एक बंदिस्त खोली, सगळ्या गरजा तिथेच भागतात. मात्र कुणी दुसऱ्यांदा बंडाचा विचार केला की छत दोन हजार टनांच्या जोराने खाली येतं. बांधण्यासाठी नव्हतंच ते. 'सर्वांना सारखं, सोयीचं' हा विचार शेवटपर्यंत ताणला तर काय होतं, ते दाखवायचं होतं. मला हा प्रकार भारी वाटतो, पण थिसिसला जपून. विद्यार्थ्यांच्या हातून त्याचं हमखास सायन्स फिक्शन होतं.

शब्द जमत नसतील तर आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची लघुचित्रांच्या शैलीतली चित्रं पाहा. संगाथ (त्यांचं अहमदाबादचं ऑफिस) आणि इंदूरच्या अरण्य वसाहतीची तशी चित्रं आहेत: प्लॅन, दर्शनी बाजू, झाडं, माणसं सगळं एकाच कागदावर. नजर फिरवत जाल तसा तिथला दिवस वाचता येतो.

गोष्ट प्लॅन गोठण्याआधी लिहा, नंतर चिकटवू नका. दीड पान पुष्कळ झालं. नायक आर्किटेक्ट नको. गोष्टीतली प्रत्येक जागा सेक्शनवर (इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर) बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. आणि चाळीत ऐकलेलं वापरणार असाल तर लोकांना विचारून घ्या, नावं बदला.