चर्चमधल्या मंडळीच्या एकीसाठी मीच का माघार घ्यायची?

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच, "ताई मी बरोबर आहे, तरी मीच का गप्प बसायचं?" म्हणून एक केस सांगते, परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.

नगर जिल्ह्यातली एक जुनी मंडळी. तिथले एक रिटायर्ड गुरुजी, सत्तरीच्या पुढचे, त्यांना मुलगी घेऊन आली कारण बीपी वाढलेलं आणि झोप पार उडालेली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीने ठरवलं होतं की वेदीजवळची पायपेटी हलवायची आणि तिथं कीबोर्ड आणि ड्रम ठेवायचे, तरुण संघाची मागणी होती. गुरुजींनी विरोधात 43 सह्या गोळा केल्या, पोरांनी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, दोन घरं तर प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) यायचीच बंद झाली आणि पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, मधल्यामध्ये भरडले जात होते.

पहिली वीस मिनिटं गुरुजी उपासनेच्या पावित्र्यावरच बोलत होते. मी ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "गुरुजी, पेटी दिली कुणी होती?"

ते थांबले. मोबाईलवर फोटो दाखवला. पेटीवर पितळेची छोटी पट्टी, त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव, अक्षरं घासून घासून जवळजवळ सपाट झालेली, कारण दर शनिवारी ते स्वतः चिंच लावून ती पट्टी घासतात. म्हणाले, "ही कोपऱ्यात गेली की आमच्या आप्पांना कोण ओळखणार?"

दुखणं इथं होतं आणि हे त्यांनी पंचांना काय, स्वतःच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग आप्पांचा विषय निघाला. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आप्पा पंच होते. कुणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कुणी मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच, तरी दोन्ही पद्धती ठेवून लोक एकत्र आले. "आप्पांना सगळं पटलं नव्हतं, पण मंडळी सोडली नाही," एवढं बोलून गुरुजी बराच वेळ गप्प.

मी त्यांना बायबलमधल्या मत्तय 18 ची आठवण दिली, आधी एकट्याने जाऊन बोला म्हणून सांगितलंय, सह्या नंतर. तरुण संघाचा सेक्रेटरी त्यांचाच विद्यार्थी. म्हटलं सह्यांचा कागद घरी ठेवा, फोटो घेऊन जा.

एक मात्र कळकळीने सांगते, पैशाचा हिशोब मिळत नसेल, कुणावर अन्याय होत असेल, बायका-मुलांशी कुणी वाईट वागत असेल तर तिथं 'एकी राखा' म्हणून कुणाचं तोंड बंद करू नका, तो प्रश्न विचारलाच पाहिजे. बाकी हट्टाच्या वेळी मी लोकांना विचारते, हेच काम तुमचं नाव न येता झालं तर चालेल का? उत्तर द्यायला जितका वेळ लागतो त्यावरून त्यांचं त्यांनाच कळतं.

गुरुजी फोटो घेऊन त्या सेक्रेटरीकडे गेले. त्या पोराला पट्टीचं माहीतच नव्हतं. पेटी आता संडे स्कूलच्या खोलीत आहे आणि शनिवारी पाच-सहा मुलं गुरुजींकडे ती वाजवायला शिकतात. ड्रम त्यांना अजून आवडत नाहीत, तसं ते तोंडावर सांगतातही. दोन घरांपैकी एक परत आलंय, दुसऱ्याकडे गुरुजी आणि पाळकसाहेब मिळून जातायत.