पेटी म्हणजे किती डझन?

तुला अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून, म्हणजे लोकांना काय हवं ते समजून घेऊन प्रोग्रामरला नेमकं सांगण्याचं, पहिलंच काम, तेही हापूसचं. चेअरमनसमोर प्रेझेंटेशन कसं करावं, असं तू विचारलं आहेस. ते जमेल तुला. मला काळजी आहे ती त्याच्या आधी तिथल्या माणसांशी होणाऱ्या बोलण्याची, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

तिथे दिवसभर ‘पेटी’ हा शब्द कानावर पडेल. मुकादमाच्या दृष्टीने पेटी म्हणजे पेंढा घालून भरलेला, गाडीत चढायला तयार झालेला लाकडी खोका. फळ मोठं असेल तर त्यात चार डझन बसतात, बारीक असेल तर सहा डझन किंवा त्याहून जास्त. हिशेबनीस पेटीवर भाडं लावतो. वाशीच्या दलालाला भाव सांगण्याआधी आत किती डझन आहेत ते कळायला हवं. एक-दोन डझनाचे पुठ्ठ्याचे बॉक्स आणखी वेगळे. त्यांना पेटीत धरायचं की नाही, हेही विचारावं लागतं. यातलं काहीच न विचारता पुण्याच्या प्रोग्रामरला ‘पेट्यांची नोंद हवी’ एवढं लिहून पाठवलंस, तर तो आकड्याचा एक रकाना करून देईल. ती चूक त्याची नसेल.

म्हणून रोजच्या वापरातला प्रत्येक शब्द धर आणि विचार: हे मोजता कसं, मोजतं कोण, आणि कमी-जास्त निघालं तर काय करता? या तिसऱ्या प्रश्नावर माणसं खरी बोलायला लागतात. साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणजे तक्रार येते तेव्हा माल विकून झालेला असतो. ती तूट कोणाच्या नावावर जाते? याचं उत्तर कोणी आपणहून सांगणार नाही.

प्रश्नांसोबत कागदही माग. गेल्या हंगामातल्या दलालाच्या तीन पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, घे: एक सुरुवातीची, एक ऐन मेमधली, आणि एक जिच्यावरून वाद झाला होता ती. एकेका ओळीवर बोट ठेवून हिशेबनिसाला विचार. नग, भाव, भाडं, हमाली, आणि मग कुठेतरी ‘उचल वजा’ असं दिसेल. फवारणीला, मजुरीला हंगामाआधी घेतलेले पैसे तिथे कापलेले असतात. ‘तुम्हाला काय काय लागतं?’ या प्रश्नाच्या उत्तरात उचल क्वचितच येते, कारण ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते. कागदावर मात्र ती लपत नाही.

चेअरमन आणि मुकादमाला पहिल्यांदा एकत्र बसवू नकोस. साहेबांसमोर मुकादम ‘हो, होईल’ म्हणेल आणि शेडमध्ये पूर्वीसारखंच चालेल. आपल्याकडे ‘बघूया’ हा बहुतेक वेळा नकारच असतो, हे तुला वेगळं सांगायला नको. तो ऐकलास की, ‘अण्णा, यात अडचण कुठे येईल?’ असं लगेच विचार. त्यांना घरच्यासारखं विचारलंस तर सांगतील.

वेळ त्यांच्या सोयीची घे. एप्रिल-मेमध्ये गाड्या सुटायच्या आधी कोणालाही थांबवू नकोस. गाडी गेल्यावर वीस मिनिटं मिळाली तरी पुरेत. लांबलचक बैठका पावसाळ्यात ठेव, पण गणपतीच्या आठवड्यात मंजुरीची तारीख लावशील तर ती पुढे जाणारच.

भेट झाली त्याच दिवशी मराठीत दहा ओळी लिहून पाठव: काय ठरलं, काय अडलं, कोण कधीपर्यंत काय देणार. व्हॉट्सअ‍ॅप चालेल. उत्तर आलं नाही म्हणजे मान्य आहे असं धरू नकोस. फोन करून वाचून दाखव. या क्षेत्रातल्या आयआयबीए या संस्थेच्या २०१५च्या मार्गदर्शिकेत माहिती काढण्याच्या भागात पाच कामं दिली आहेत. प्रत्यक्ष माहिती घेणं हे त्यातलं एकच. मिळालेली माहिती पडताळणं हे वेगळं काम धरलं आहे. नवी मुलं नेमकं तेच गाळतात.

‘रिपोर्ट लवकर हवा’ असं वाक्य लिहून घेऊ नकोस. कोणाला, किती वाजता, कशासाठी, हे विचारून असं लिही: ‘रात्री ९ पर्यंत भरलेल्या पेट्यांची बागायतदारनिहाय यादी ९.१० ला ड्रायव्हरच्या हातात’. हे तपासता येतं. शेडमध्ये वीज आणि रेंज गेली तर काय, हेही त्याच ओळीखाली यायला हवं.

मतभेद होतील. समज, चेअरमन म्हणतात भाडं पेटीवर वाटा, हिशेबनीस म्हणतो डझनावर. तू बाजू घेऊ नकोस, आकडे मांड. दोन बागायतदार, दोघांच्या दहा-दहा पेट्या, एकाच्या चार डझनी, दुसऱ्याच्या सहा डझनी, गाडीभाडं २००० रुपये. पेटीवर वाटलं तर प्रत्येकी १०००. डझनावर वाटलं तर पहिल्याला ८००, दुसऱ्याला १२००. हे एका कागदावर दिसलं की बोलणं ‘मला वाटतं’वरून निर्णयावर येतं. निर्णय त्यांचा, कोणी आणि कोणत्या तारखेला घेतला, ते तू लिहून ठेव. पुढच्या वर्षी याच मुद्द्यावर पुन्हा वाद निघेल.

मध्येच कोणी नवीन मागणी घातली तर सरळ नाही म्हणू नकोस आणि हो तर मुळीच नको. ‘हे आधी घेतलं तर पट्टीची छपाई दोन आठवडे पुढे जाईल, चालेल का?’ एवढंच विचार. अर्थात, ते दोन आठवडे आधी प्रोग्रामरकडून पक्के करून घेतलेले असू देत.

आणि पहिलं काही तयार झालं की ते ऑफिसच्या पडद्यावर दाखवायच्या आधी शेडमध्ये घेऊन जा. मुकादमाच्या हातात त्याचाच फोन, समोर कालचाच माल. तू फोनला हात लावू नकोस, सुचवूही नकोस. त्याचं बोट कुठे थांबतं, तो मागे वळून कोणाला काय विचारतो, ते टिपून घे. आंब्याच्या चिकाने माखलेल्या बोटांनी बारीक बटण दाबता येत नाही, हे तुला तिथेच दिसेल.

मुकादमाने पेटीचा काय अर्थ सांगितला, ते मला नक्की लिही.

तुझा,
काका