घोडा चढवताना सिलिंडर कुठे थांबतं?

प्रश्न: परवान्यावर जुनं .38 रिव्हॉल्व्हर स्वस्तात घेतलं. निकेल आरशासारखं चकाकतंय. पण रेंजवर बाजूला उभ्या असलेल्या मित्राच्या गालाला काहीतरी टोचलं आणि रक्त आलं. विकणारा म्हणतो, नीट साफ करा, बरं होईल. साफसफाईने भागेल का?

उत्तर: नाही भागणार, आणि दुरुस्त होईपर्यंत त्यातून गोळीही झाडू नका. मित्राला बहुधा शिशाची कपची लागली. घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) पडतो तेव्हा सिलिंडरचं घर, म्हणजे काडतूस बसायचं भोक, नळीच्या बरोबर समोर नसेल, तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेवर तासली जाते आणि शिसं मधल्या फटीतून बाजूला उडतं.

खात्री करून घ्या. शस्त्र रिकामं करा, प्रत्येक घर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. मग सिलिंडरला बोट हलकंच टेकवून घोडा सावकाश मागे ओढा. घोडा चढेपर्यंत सिलिंडर टक्‌कन जागेवर अडकून बसलं पाहिजे, नाही बसलं तर दोष हाच. हे प्रत्येक घरासाठी करा, कारण दगा देणारं एखादंच असतं आणि दुकानात नेमकं दुसरंच दाखवलं जातं! नंतर चढलेला घोडा अंगठ्याने मागून पुढे ढकला. चाप न दाबता पडला, तर प्रकरण आणखी गंभीर.

चकाकीचं म्हणाल, तर शस्त्रावर कोरलेल्या नंबराचे अंक निरखा. कडा बोथट असतील तर गंजाचे खड्डे घासून वर मुलामा दिलाय. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी हात मारून गेलंय.

सिलिंडर फिरवणारा आतला हूक झिजला असेल तर परवानाधारक कारागीर नवा बसवतो. पण सिलिंडर ज्यांत अडकतं त्या त्याच्यावरच्या खाचाच पसरल्या असतील, तर खर्च रिव्हॉल्व्हरच्या किमतीवर जाईल. मी असतो तर तो केला नसता.

प्रश्न: जुनं, जस्ताच्या मिश्रधातूचं छोटं पिस्तूल सारखं अडकतं. विकू का?

उत्तर: आधी दुसरं मॅगझिन लावून बघा, त्याचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकले की काडतूस तिरकं चढतं. मग स्प्रिंग तपासा. 1968 मध्ये अमेरिकेने अशा स्वस्त हँडगनच्या आयातीवर बंधनं आणली, तेव्हा तिथेच ही ओतीव पिस्तुलं बनू लागली. हा धातू पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पिनेची भोकं लांबट होतात. तसं झालं असेल किंवा चीर दिसली, तर वापर बंद. विकायचंच असेल तर परवानाधारकालाच, आणि दोष कागदावर लिहून.