झेड-फोर की स्विफ्ट? एका आंबा बागायतदाराचा प्रश्न

पावसजवळच्या एका बागायतदार वाचकांनी विचारलंय: हापूसच्या उत्पन्नातून 17 लाख साठलेत. पुण्यात 2011 ची बीएमडब्ल्यू झेड-फोर 15 लाखांना मिळतेय. घरचे म्हणतात, 8 लाखांत नवी स्विफ्ट घे. बागायतदारांचं म्हणणं, जुन्या गाडीची किंमत पडायची तेवढी पडून गेली, मग तोटा कुठे?

तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. विम्याच्या कोष्टकात नव्या गाडीची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे स्विफ्टवर तीन-चार लाख गेले असं धरून चाला. झेड-फोरची किंमत त्या वेगाने घसरणार नाही. पण तुमचे पैसे किमतीत नाही, दुरुस्तीत जाणार आहेत.

क्लेमचं गणित बघा. गाडी दहा वर्षांवरची असली की धातूच्या सुट्या भागावर विमा कंपनी 50 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापते. उद्या झावळी पडून बॉनेट चेपलं आणि नवं समजा लाखाचं आलं, तर 50 हजार तुमच्या खिशातून. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर तर गाडी नवी असली तरी 50 टक्के कपात असते. स्विफ्टला सुरुवातीची वर्षं झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-संरक्षण, घेऊन हे टाळता येतं. इतक्या जुन्या गाडीला ते सहसा कोणी देत नाही. आणि गंज? खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला, घडीच्या छताचं हायड्रॉलिक बसलं, तर ती झीज धरली जाते. विम्यातून एक रुपया येत नाही. पावसाळ्यात गाडी उभी करायला तुमच्याकडे बंद गॅरेज आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर विचारच सोडा.

नोंदणीचंही आहे. 15 वर्षं झाली की आरटीओत फिटनेस तपासून नूतनीकरण करावं लागतं आणि आयात केलेल्या चारचाकीला त्याची फी 40 हजार आहे. व्यवहारात हे कोण भरणार?

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुमचं उत्पन्न वर्षातून एकदाच, मार्च ते मे. मोहोराला तुडतुडा लागला किंवा अवकाळी पाऊस झाला की फवारणीचा खर्च वाढतो आणि पेट्या कमी भरतात. 15 लाख गाडीत घातल्यावर हाती 2 लाख उरतात. त्यात बागेचं वर्ष काढायचं की गिअरबॉक्स करायचा? शिवाय वडिलांना तपासणीला आंबा घाटातून कोल्हापूरला न्यावं लागतं, असं तुम्हीच लिहिलंय. गाडी दोन आसनी. आई घरी राहणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत्ता स्विफ्ट घ्या, कर्ज न काढता. उरलेल्या 9 लाखांतले 5 लाख बाग आणि घरखर्चासाठी एफडीत ठेवा, मोडता येईल अशा. बाकी 4 लाखांना हात लावू नका, त्यात दर हंगामाला भर घाला. झेड-फोरची हौस खोटी नाही, ती पूर्ण व्हावी असं मलाही वाटतं. पण ती घरातली दुसरी गाडी म्हणून आणि दुरुस्तीचे किमान 3 लाख वेगळे काढून.

तरीही पुण्याला जाणार असाल, तर टोकन देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघा, छत चार-पाच वेळा उघडझाप करा, सर्व्हिसच्या पावत्या मागा. मालक लिफ्टला नाही म्हणाला, तर तिथूनच परत या.