संशोधन करायचंय? आधी नऊ प्रश्न नीट विचारायला शिका

नमस्कार ताई,

तुमची लेक बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मनोविकारांवर संशोधन करायचंय. एका संस्थेने ‘सहा महिन्यांची ऑनलाइन समुपदेशन पदविका करा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हा’ असं सांगून फी मागितली आहे. रोज अशा रुग्णांमध्ये राहून तिच्याच मनावर परिणाम होईल का, असंही तुम्ही विचारलंय.

फी भरू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये लिहिलेलं आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं. त्या पदविकेला परिषदेची मान्यता आहे का, हे संस्थेकडून लेखी मागा. टाळाटाळ झाली की काय ते समजून घ्या.

आता संशोधनाबद्दल. मेंदूचे स्कॅन, प्रयोगशाळा हे सगळं आहेच, पण आपल्या भागातलं फार मोलाचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि गावांत झालंय. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतले तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण होते. मानसोपचाराचं आधी कुठलंच शिक्षण नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या समुपदेशकांनी त्यातल्या निम्म्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातल्या 64 टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 39 टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतही असंच काम झालं आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

गोव्यात नैराश्य ओसरलं हे ठरलं कशावरून? पीएचक्यू-९ नावाच्या एका पानावरून. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, त्रास किती दिवस झाला त्यावरून प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 च्या खाली आली की ओसरलं. म्हणजे तो 64 चा आकडा प्रश्न कसा विचारला गेला यावर उभा आहे, आणि नवशिक्यांची चूक नेमकी तिथेच होते. ‘थकवा येतो का?’ असं सोयाबीन काढणीच्या दिवसांत विचारलं तर कोणतीही बाई ‘रोजचंच आहे’ म्हणेल आणि 3 गुण पडतील. ‘एरवी या कामाने दमता, त्याहून वेगळं वाटतं का? चौदांपैकी किती दिवस?’ असं विचारावं लागतं. ‘झोप लागते ना?’ या प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. शेजारी सासू बसली असेल तर नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, हमखास शून्यावर येतो. म्हणून आधी एकांत, मग फॉर्म. त्या प्रश्नाला 1 जरी आला तरी रुग्णाला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच वेळी कळवायचं. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यायचा. संशोधनाचं वेळापत्रक त्यानंतर.

पुढचा घोळ संगणकावर होतो. उत्तर न मिळालेल्या रकान्यात 99 भरायची पद्धत आहे. विश्लेषणाआधी तो आकडा वगळला नाही तर 27 कमाल असलेल्या चाचणीत एखाद्याचे गुण 110 दिसतात आणि सगळी सरासरी बिघडते. ‘आर’ हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लेकीने ते या सुट्टीतच हाती घ्यावं.

वाट अशी: पदव्युत्तर पदवी, मग परिषदेचा मान्यताप्राप्त, देखरेखीखालचा क्लिनिकल अभ्यासक्रम. आजवर हा दोन वर्षांचा एम.फिल. होता. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही रचना बदलते आहे, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. बंगळुरूची निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था), रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही नावं तिला माहीत असतीलच. जागा थोड्या असतात, तेव्हा एकाच प्रवेश परीक्षेवर भिस्त ठेवू नका. मध्ये एखादं वर्ष गेलं तर संशोधन प्रकल्पात साहाय्यक म्हणून काम करता येतं. ही नोकरी कंत्राटी असते आणि निधी संपला की संपते, हे आधीच मनात धरा. पण रुग्णाची संमती कशी घ्यायची आणि मुलाखत कशी घ्यायची, हे तिथे हाताखालून जातं. स्वच्छ मराठी बोलणाऱ्या, गावात सहज मिसळणाऱ्या मुलीची अशा प्रकल्पांना खरोखर गरज असते.

तुमच्या काळजीबद्दल. मनोविकार संसर्गाने लागत नाहीत. थकवणारं असतं ते दुसऱ्याचं दुःख एकट्याने वाहणं. म्हणून प्रकल्पात शिरण्याआधी तिने विचारावं: दर आठवड्याला वरिष्ठांबरोबर रुग्णांवर चर्चा होते का? एका दिवसात किती मुलाखती? नववा प्रश्न ‘हो’ आला तर फोन कोणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाला जिथे नाव आणि नंबर मिळत नाही, तिथे तिला पाठवू नका.