बार्बेक्यूसाठी मिळणारे कोळशाचे ब्रिकेट (भुकटी दाबून केलेल्या वड्या) हेन्री फोर्डने शोधले हे खरं आहे का? आणि त्यात नेमकं असतं काय?

अर्धंच खरं. धंदा फोर्डने उभा केला, शोध त्याचा नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वोयरने 1897 सालीच अशा वड्यांचं पेटंट घेतलं होतं. फोर्डची मोटार कंपनी निघाली 1903 मध्ये. (कोळशाच्या चुऱ्याचे गोळे वळून शेगडीत घालणाऱ्या आपल्या आज्यांना पेटंटचं कुणी सांगितलंच नाही!)

फोर्डला कोळसा नको होता, लाकूड हवं होतं. मॉडेल टी गाडीत बॉडीच्या सांगाड्यापासून चाकांच्या आऱ्यांपर्यंत बरंच लाकूड लागायचं. म्हणून 1920 च्या सुमारास त्याने उत्तर मिशिगनमध्ये आयर्न माउंटनजवळ तीन लाखांहून जास्त एकर जंगल घेतलं. व्यवहार जुळवला एडवर्ड किंग्सफर्डने. हा फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा आणि त्याच्याच गाड्यांचा विक्रेता. सॉ मिल सुरू झाली तसे ढलप्या, फांद्या, भुसा यांचे ढीग लागले. काही वाया गेलं की फोर्डचा जीव खालीवर व्हायचा.

उपाय मिळाला ऑरिन स्टॅफर्ड या ओरेगॉनमधल्या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीत. लाकूड हवा न लागू देता तापवायचं, निघणाऱ्या वाफेतून मेथॅनॉलसारखी रसायनं काढून घ्यायची, उरलेला कोळसा दळायचा, त्यात स्टार्चची खळ कालवून साच्यात दाबायचा आणि वाळवायचा.

खळ म्हणजे अक्षरशः खळ. मी डेट्रॉइटजवळ राहतो. एका मार्चमध्ये बर्फ वितळून गॅरेजात पाणी आलं आणि ब्रिकेटची अर्धी पिशवी भिजली. वरच्या वड्या ठणठणीत, खालच्या उचलायला गेलो तर बोटांत नुसता काळा चिखल. साधा लाकडी कोळसा भिजला तर उन्हात टाकून परत वापरता येतो. वडी मुळात भुकटीच, खळ सुटली की संपली.

हा माल विकायला फोर्डला वेगळं दुकान काढावं लागलं नाही. गाड्यांच्या शोरूममध्येच पिशव्या ठेवल्या! तरी खरा खप वाढला दुसऱ्या महायुद्धानंतर, शहराबाहेरच्या घरांना मागे अंगण आलं तेव्हा. 1951 मध्ये कारखाना विकला गेला आणि नाव पडलं किंग्सफर्ड. पुढच्याच वर्षी शिकागोकडे जॉर्ज स्टीव्हनने पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन अर्धगोल करून झाकणाची वेबर ग्रिल बनवली. 1973 पासून किंग्सफर्ड क्लोरॉक्सकडे आहे, म्हणजे कपड्यांचं ब्लीच विकणाऱ्यांकडे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लाकडी कोळसा आणि स्टार्च यांशिवाय पुष्कळ ब्रिकेटांत दगडी कोळशाची भुकटी आणि चुनखडी असते. चुनखडीमुळे राख पांढरी दिसते. वड्यांवर तो पांढरा थर चढेपर्यंत कणसं ठेवू नका, धुराचा वास लागतो.