‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ची मूळ कथा कोणाची?

पिएर बूल या फ्रेंच लेखकाची. जन्म १९१२, आविन्योंचा. शिक्षणाने इंजिनिअर, नोकरी मलायातल्या रबराच्या मळ्यावर. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रेंचांचा नेता द गॉल याच्या बाजूने लढला आणि १९४२ मध्ये इंडोचायनात पकडला गेला. पकडणारे जपानी नव्हते, जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारशी एकनिष्ठ असलेले फ्रेंचच होते! सक्तमजुरी झाली, १९४४ मध्ये तो निसटला. क्वाय नदीवरच्या पुलाची गाजलेली कादंबरी (१९५२) त्याचीच. तिच्यावरच्या चित्रपटाच्या पटकथेचं ऑस्कर बूलच्या नावावर गेलं, पण खरे लेखक होते कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेले कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन.

वानरांची कादंबरी १९६३ची. चित्रपट पाहिला असला तरी ती जरूर वाचा, कारण ती बरीच वेगळी आहे. तिथली वानरं मोटारी चालवतात, शेअरबाजारात आरडाओरडा करतात, माणसांवर प्रयोग करतात. पत्रकार युलिस मेरू पिंजऱ्यातून आपली बुद्धी सिद्ध करायला भूमितीच्या आकृत्या काढतो, तो प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. चित्रपटाच्या शेवटी दिसणारा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मात्र पुस्तकात नाही. तिथला शेवट वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त हादरवणारा.